अर्पिताचे बूट आणि भागवतरावांचा पाय

अर्पिताच्या पायाची नळी दुखायला लागली तो सोमवार होता, आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला बरोबर सतरा दिवस उरले होते. नळीला दुखायचंच होतं तर गेलं अख्खं वर्ष मोकळं पडलं होतं, कोणी आडवं आलं नसतं. पण अवयवांना कॅलेंडर कळत नाही, आणि कळत असेल तर ते मुद्दाम आपल्या विरोधात वापरतात, असं भागवतराव ढवळ्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं.

भागवतराव जालन्यात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायचे. गाव वडीगोद्रीकडचं, शेती भावाकडे, आणि राहायला जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत दोन खोल्या नि वर गच्ची. एकच पोरगी. मागच्या भरतीत ती एका गुणानं गेली, आणि तो गुण आठशे मीटर पळण्यातच सांडला होता. या खेपेला नाही जमलं तर आत्यानं परतूरचं जे स्थळ आणलंय ते मुकाट्यानं बघायचं, असं अर्पितानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं. तिला वर्दी पाहिजे होती. भागवतरावांना तर तिच्याहून जास्त पाहिजे होती, फक्त ते त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बापानं उतावीळ दिसू नये, एवढाच त्यामागचा विचार.

तेव्हा नळी दुखते म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दारातल्या बुटांकडे बघितलं. बूट दोन वर्षांचे. टाच एका बाजूनं झिजलेली, पुढून बोट जाईल एवढी भेग. भागवतरावांचा निकाल तिथंच लागला.

"बुटानंच घात केला," ते म्हणाले. "बुटाचं आता मी बघतो. नवे बूट येईस्तोवर पळायचं बिलकुल न्हाई. आन् मधात कोणी काही बोलायचं न्हाई."

अर्पिता काहीतरी सांगणार होती. पण कोणी काही बोलायचं नाही असं नुकतंच ठरल्यामुळे ती गोळाफेकीचा गोळा उचलून गच्चीवर गेली.

आता बूट घ्यायचे म्हणजे साधा माणूस काय करेल? दुकानात जाईल, पाय घालून बघेल, पिशवी घेऊन घरी येईल. पण तीस वर्षं आवक-जावक बघितलेल्या माणसाला नोंद केल्याशिवाय शिंक येत नाही. भागवतरावांनी एक जुनी फाईल उलटी केली, तिच्यावर 'विषय: धावण्याचे बूट' असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि मतं मागवायला सुरुवात केली. ही त्यांची पहिली चूक. जालन्यात पाणी मागितलं तर वेळ लागतो, मत मागितलं की लगेच मिळतं.

पहिलं मत समोरच्या राजानंद सरांचं. सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही गल्लीतल्या कोणाला नीट उभं राहू द्यायचे नाहीत. सरांचं म्हणणं असं, की जाड तळव्याच्या बुटांनीच या पिढीचे पाय नासले. तळ कसा पाहिजे? पापडासारखा. खडा टोचला पाहिजे, जमीन कळली पाहिजे. ते स्वतः कॅनव्हासच्या बुटात जिल्ह्यात दुसरे आले होते आणि पहिला आला तो तर अनवाणी होता, हे सांगताना सरांचा आवाज अजूनही थोडा कडवट व्हायचा. भागवतरावांनी 'पातळ' अशी नोंद घेतली.

दुसरं मत ऑफिसातल्या कॅशियरचं, गजाननरावांचं. त्यांचे साडू पुण्यात रविवारी सकाळी पळतात, त्यामुळे ऑफिसात पळण्याचा विषय आपोआप गजाननरावांकडे जायचा. ते म्हणाले, पातळ? पातळ घेतला तर पोरगी आठ दिवसांत खाटेवर. तळ गादीसारखा पाहिजे, साडूचा बूट दाबला की बोट आत जातं. भागवतरावांनी 'पातळ'च्या समोर 'जाड' लिहिलं आणि मधे उभी रेघ मारली. दोन दिवसांत ती रेघ फाईलभर लांबली. कोणी म्हणे एक नंबर मोठा घ्या, पळताना पाय फुगतो. कोणी म्हणे गच्च घ्या, नाहीतर पाय आत फिरतो. मोबाईलवर एक हिंदी बोलणारा माणूस टाच उंच पाहिजे म्हणून शपथेवर सांगत होता, आणि त्याच्याच खाली दुसरा त्याला वेड्यात काढत होता. भागवतराव दोघांनाही मान डोलावत होते. आपलं डोकं चाललंय की डोक्यातून काहीतरी निसटून चाललंय, हे त्यांना बुधवारपासून कळेनासं झालं.

गुरुवारी गजाननरावांनी साडूला फोन लावला आणि शास्त्रीय उपाय आणला. पाय ओला करायचा आणि कागदावर उमटवायचा. मधे कमान दिसली तर एक बूट, सपाट दिसला तर दुसरा. एवढं सोपं असताना आपण चार दिवस गल्लोगल्ली मतं गोळा करत हिंडलो, याची भागवतरावांना लाज वाटली. पण अर्पिता अभ्यासिकेत बसलेली, आणि भागवतरावांना दम नव्हता. शिवाय पोरगी बापाच्या पायावर गेलीय असं ती जन्मल्यापासून सगळा गाव म्हणत आला होता. गावाचं म्हणणं म्हणजे जवळपास दाखलाच. तेव्हा बापाचा पाय घेतला काय नि पोरीचा घेतला काय, सारखंच.

जेवणाच्या सुट्टीत दोघं रेकॉर्ड रूममध्ये गेले. पाणी लावून बघितलं, तर जालन्याच्या मार्चमध्ये ठसा नीट बघायच्या आत वाळून गेला. मग गजाननराव शिक्क्याचं पॅड घेऊन आले. ते पुरेना म्हणून शाईची बाटली आली. गजाननरावांनी भागवतरावांचा उजवा तळपाय मनापासून जांभळा केला, फुलस्केप कागदावर दोन्ही हातांनी दाबला, आणि ठसा अस्सल उमटला. सपाट. पोळपाट परवडला, इतका सपाट. पक्कं व्हावं म्हणून डावाही घेतला.

पाय धुवायला बेसिनपर्यंत जायचं होतं. ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, साहेबांच्या केबिनला लागून. भागवतराव टाचांवर चालले होते, असं ते नंतर शपथेवर सांगत. पण संध्याकाळी येणारे साहेब दुपारीच दौऱ्यावरून आले, आणि त्यांना रेकॉर्ड रूमपासून आपल्या दारापर्यंत आलेली जांभळी पावलं दिसली. लक्ष्मीची पावलं असती तर साहेबांनी हात जोडले असते. ही मात्र सपाट होती, आठ नंबरची होती आणि शेवटच्या पावलावर भागवतराव स्वतः उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर कागद आला: शासकीय शाईचा व शासकीय व्हरांड्याचा खासगी कारणासाठी वापर केल्याबाबत खुलासा सादर करावा. तो कागदही नियमाप्रमाणे आवक नोंदवहीत भागवतरावांनाच चढवावा लागला. इतरांचे खुलासे त्यांनी आयुष्यभर पुढं पाठवले होते. स्वतःचा लिहिताना मात्र 'सदर पाऊल हे माझेच असून ते अनवधानाने उमटले आहे' या वाक्यापाशी त्यांचा पेन पाच मिनिटं थांबला. असं वाक्य लिहायला आपण सरकारी नोकरीत आलो होतो का, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी खरोखर पडला.

शनिवारी खरेदीला निघाले तर बायको, मीनाबाई, दारात आडव्या. शनिवारी पायतण घरात आणायचं नाही, मग ते बिघडलेल्या पायासाठी असो की चांगल्या. रविवारी मात्र भागवतराव उघडायच्या वेळेलाच मच्छिंद्रच्या दुकानात हजर झाले. दुकान शाळेच्या बुटांचं आणि चपलांचं, वरच्या फळीवर पळायचे चार-सहा खोके. मच्छिंद्रनं आधी भागवतरावांच्या पोटाकडे बघितलं आणि पळणार कोण असं अदबीनं विचारलं. भागवतरावांनी फाईल उघडून दोन जांभळे ठसे समोर ठेवले. एवढा पक्का पुरावा घेऊन आलेलं गिऱ्हाईक मच्छिंद्रनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं सपाट पायवाल्यांसाठी आतून उंचवटा असलेला बूट काढला, जुन्याहून एक नंबर मोठा दिला आणि बजावून सांगितलं, की घरात फरशीवर घालून बघा, मातीला लागला की परत न्हाई.

घरी आल्यावर अर्पितानं बूट घातला, चार पावलं टाकली आणि खाली बसली. आतला उंचवटा टोचत होता, टाच घासत होती. भागवतराव समजावून सांगत होते, की तो टोचायलाच केलेला असतो, सपाट पायाला तसंच लागतं. मीनाबाई आतून पीठ मळता मळता बाहेर आल्या. त्यांनी तांब्याभर पाणी पोरीच्या पायावर ओतलं आणि तिला कोरड्या फरशीवर उभं केलं. पुढं पंजा, मागं टाच आणि मधे नुसती करदोड्याएवढी रेघ.

"नाक तुमचं हाय, हट्ट तुमचा हाय, ते मी कधी मागितलं न्हाई," मीनाबाई म्हणाल्या. "पण पाय माझ्या माहेरचा हाय."

सत्य कळलं म्हणून माणूस सुधारतोच असं नाही. बूट परत करायचा म्हणजे मच्छिंद्रला सांगावं लागणार, की पळणार पोरगी आणि ठसे दाखवले बापाचे. एक खुलासा देऊन झाला होता, त्याच आठवड्यात दुसरा देण्याची भागवतरावांची तयारी नव्हती. त्यांनी घरातच तोडगा काढला. नवा जोडा चावतच असतो. गावाकडे त्यांचे वडील, भुजंगराव, कातडी जोडा आणला की आधी त्याला करडीचं तेल पाजायचे, दोन दिवस उन्हात ठेवायचे, आणि मग घरातला सगळ्यात वजनदार माणूस तो घालून चार दिवस हिंडायचा. पाचव्या दिवशी जोडा लोण्यासारखा मऊ. आता घरातला सगळ्यात वजनदार माणूस कोण, याची चौकशी करायची गरज नव्हती.

मंगळवारी दुपारी रजा टाकून त्यांनी बूट गच्चीवर नेले आणि आतून-बाहेरून तेल चोळलं. कातडी जोडा तेल पितो. हा बूट पिईना. तो नुसता तोंडात धरून बसला. बुधवारपर्यंत मुंग्यांची रांग लागली, गल्लीतली सगळी धूळ वर येऊन चिकटली आणि निळा बूट गूळ लावल्यासारखा दिसायला लागला. तरी भागवतरावांचा वडिलांवर विश्वास होता. गुरुवारी सकाळी त्यांनी आपला आठ नंबरचा पाय त्या सात नंबरच्या बुटात ढकलला, दुसराही ढकलला, आणि मुरवायला म्हणून जिन्यानं खाली निघाले. वरून तिसऱ्या पायरीवर बूट पुढं गेले आणि भागवतराव मागं राहिले. बाकीच्या नऊ पायऱ्या त्यांनी बसूनच पार केल्या.

अर्पितानं त्यांना स्कूटीवर मागं बसवून सरोजिनी डॉक्टरांकडे नेलं. फिजिओथेरपीचा दवाखाना, भिंतीवर हाडांचा तक्ता. डॉक्टरांनी घोटा बघितला, हाड शाबूत आहे म्हणाल्या, पट्टी बांधली आणि तीन आठवडे जपायला सांगितलं. भागवतरावांना स्वतःच्या घोट्याचं काही नव्हतं. त्यांनी फाईल काढली. झोपल्या झोपल्या त्यांनी पातळ, जाड, सपाट, उंचवटा असं सगळं डॉक्टरांना वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं, की पोरीच्या नळीला नेमका कोणता बूट लागू पडेल.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि अर्पिताकडे वळल्या.

"दुखायच्या आधी तू रोज किती पळत होतीस?"

अर्पितानं एकदा बापाकडे बघितलं. "आधी सहा राउंड," ती म्हणाली. "मंग एकदम बारा केले."

"एकदम का?"

"पप्पांनी वहीत बारा लिहून दिल्ते."

ते खरं होतं. दुखायच्या दहा दिवस आधी मैदानावर बाकीच्या पोरी किती राउंड मारतात ते भागवतरावांनी मोजलं होतं, आणि सगळ्यात जास्त मारणारीचा आकडा घरी येऊन वहीत उतरवला होता. पोरीनं एका शब्दानं विचारलं नाही. बापानं लिहिलंय म्हणून पळत राहिली. डॉक्टर शांतपणे सांगत होत्या, की बूट फार तर थोडाबहुत फरक करतात, पण पायाला सवय नसताना एवढं अचानक वाढवलं की हाडच कुरकुरतं. भागवतरावांना पुढचं ऐकू येईना. अकरा दिवस आपण गुन्हेगार बाहेर शोधत होतो, आणि तो आपल्याच विजारीत होता. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्यांना ते जांभळे ठसे साहेबांनी बघितले तेव्हाही वाटलं नव्हतं.

"आणि आता किती पळतेस?" डॉक्टर विचारत होत्या.

"न्हाईच पळाले. अकरा दिवस झाले. बूटच नव्हते."

डॉक्टरांनी नळीवरून अंगठा फिरवला, दाबून बघितलं. अर्पिता हूं की चूं करेना. डॉक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, याला विश्रांतीच पाहिजे होती आणि ती बरोबर मिळाली, उद्यापासून हळूहळू थोडं पळायला हरकत नाही. मग भागवतरावांकडे वळून त्यांनी मनापासून शाबासकी दिली. भरती तोंडावर असताना पोरीला अकरा दिवस बसवून ठेवायला धीर लागतो, बहुतेक आईबापांना तो नसतो. भागवतराव पडल्या पडल्या हाडांच्या तक्त्याकडे बघत राहिले. आपणच पोरीचा पाय बिघडवला आणि आपणच तो बरा केला, आणि दोन्ही वेळेला आपल्याला पत्ता नव्हता. रागवायचं कोणावर आणि आभार कोणाचे मानायचे, हे काही केल्या त्यांना ठरवता येईना.

"आन् बूट?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तिला ज्यात बरं वाटतं तो," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेलाचा बूट परत करायला मीनाबाई अर्पिताला घेऊन गेल्या. मच्छिंद्रनं तो हुंगला, फोडणीला घातला होता काय असं विचारलं, आणि वरच्या फळीकडे बोट दाखवून अर्पिताला म्हणाला, बाई, तू स्वतः घालून बघ. त्या दिवशी तिनं काय आणलं, आणलं का जुनेच शिवून घेतले, ते भागवतरावांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. विचारायचं नाही म्हणून जीभ दाताखाली धरून ते सहा दिवस घरात लंगडत होते. वहीही त्यांनी कपाटाच्या मागं टाकून दिली. वडीगोद्रीहून भावाचा फोन आला आणि त्यानं पोरीला उसाचा रस पाजायला सांगितला, तेव्हाही भागवतराव फक्त बरं म्हणाले.

चाचणीच्या दिवशी पोलीस मैदानाच्या फाटकाबाहेर सकाळपासून आईबापांची गर्दी. आत कोणाला सोडत नव्हते. भागवतराव काठी टेकून कुंपणाच्या सावलीत उभे. शेजारी परतूरकडचा एक बाप होता, भारत नावाचा. त्याच्या पोरीचा नंबर दुपारचा होता, आणि हातातल्या पिशवीत त्यानं तीन जोड बूट आणले होते, कोणता घालायला सांगावा ते ठरत नव्हतं म्हणून. त्यानं दहा मिनिटांत भागवतरावांना बारा प्रश्न विचारले. भागवतरावांच्या घशापर्यंत अख्खी फाईल आली होती. पण आत शिट्टी वाजली, धुळीचा लोट उठला, आणि ते भारतला तिथंच सोडून कुंपणाला चिकटले. आठशे मीटर म्हणजे काय फार नाही, दोन-तीन मिनिटांचा मामला. ते उभ्या उभ्या म्हातारे झाले.

बऱ्याच वेळानं अर्पिता फाटकातून बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लाल, चेहऱ्यावरून काही कळेना. इतक्या वर्षांत पोरगी मैदानातून बाहेर आली की भागवतरावांचा पहिला शब्द 'टायमिंग' असायचा. ती तोच शब्द ऐकायच्या तयारीनं उभी राहिली.

"पाय दुखतोय का?" भागवतरावांनी विचारलं.

अर्पितानं कपाळावरचे केस मागं सारले.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमचा?"

घरात, ऑफिसात, सरांसमोर, गेले सहा दिवस भागवतराव काही नाही, काही नाही म्हणून काठी आपटत चालले होते.

"लई दुखून राह्यलाय," ते म्हणाले.

"मंग खाली बसा ना. आन् पप्पा, टायमिंग तर विचारा."

"सांग."

तिनं सांगितलं. मागच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी. मागच्या वेळी जो गुण सांडला होता तो तर आलाच, वर आणखी आले. भागवतराव दुखरा पाय लांब करून रस्त्याच्या कडेला धुळीत बसले आणि भर गर्दीत, सगळ्या आईबापांसमोर, तोंडावर रुमाल न घेता रडले. अर्पिता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

भारत घाबरून वाकला. "काय झालं हो? गेली का पोरगी?"

"न्हाई, न्हाई. पळाली. झकास पळाली."

"मंग जल्दी सांगा भाऊ, बूट कोणता होता?"

"मला ठावं न्हाई," भागवतराव डोळे पुसत म्हणाले. "तुमच्या पोरीला विचारलं का तुम्ही?"

भारतनं पिशवीकडे बघितलं, मग फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या आपल्या पोरीकडे बघितलं, आणि पिशवी उचलून तिच्याकडे पळत सुटला.